चौऱ्यांशी संख्यांचा मसावि

आवक एकाने जास्त होती.

पद्मजा शेटेने दोन्ही रकाने पुन्हा वरून खाली पाहिले. हे काम तिच्या हाताखालच्या कुणालाही सांगता आलं असतं, पण गेली सहा वर्षं ती रोज सकाळी नऊ वाजता ते स्वतःच करायची. डावीकडे जावक, म्हणजे आदल्या चोवीस तासांत दवाखान्यांनी रुग्णांच्या यंत्रांना पाठवलेल्या आज्ञा. उजवीकडे आवक, म्हणजे यंत्रांनी ऐकलेल्या आज्ञा. जावक दोन हजार एकशे चार. आवक दोन हजार एकशे पाच.

जास्तीची आज्ञा आज सकाळी सहा वाजून बारा मिनिटांनी पोचली होती. 'किमान वेग सत्तरवरून एकाहत्तर.' सही बरोबर होती, म्हणून यंत्राने ती निमूटपणे मानली होती. पाठवणाऱ्या दवाखान्याच्या जागी मात्र काहीच नव्हतं.

रुग्णाचं नाव पाहायला तिने ओळ पुढे सरकवली. भूपाल आदगोंडा मगदूम, वय एकोणऐंशी, जयसिंगपूर.

तिचे वडील.

तिने लगेच फोन लावला. अप्पांनी तिसऱ्या घंटेला उचलला. चहा पितोय, म्हणाले. बरं वाटतंय ना, असं तिने विचारल्यावर ते क्षणभर थांबले आणि म्हणाले, "उत्तम आहे. का गं?" ती म्हणाली, सहज. दुपारी आलीस तर एक गंमत दाखवेन, असं ते म्हणाले. गमतीसाठी तिच्याकडे वेळ नव्हता. तिने फोन ठेवला. ज्याला कुणीतरी अनोळखी हातांनी कुठूनही छेडू शकत होतं अशा एका स्नायूवर अप्पा जगत होते, आणि हे त्यांना ठाऊक नव्हतं.

सन २०३८चा जानेवारी होता. कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीतल्या 'अनुनाद' कंपनीचं ते यंत्र आता एकसष्ट हजार माणसांच्या हृदयात बसलेलं होतं. आकाराने आणि रंगानेही ते चिंचोक्यासारखं, म्हणून डॉक्टरांपासून रुग्णांपर्यंत सगळे त्याला चिंचोकाच म्हणत. तो हृदयाच्या आत बसून ठोका चुकू देत नसे. त्याचा वेग कमी-जास्त करायला रुग्णाने मिरजेला किंवा पुण्याला खेटे घालायची गरज नव्हती. उशाशी ठेवलेल्या एका डब्यामार्फत डॉक्टरची आज्ञा घरबसल्या पोचायची.

म्हणूनच चिंचोक्याला कुलूप होतं. ते कुलूप म्हणजे सहाशे सतरा अंकी एक पूर्णांक संख्या. ती दोन प्रचंड मूळ संख्यांचा गुणाकार करून बनवलेली असे. गुणाकार सर्वांसाठी खुला. तो रुग्णाच्या कार्डावर छापलेला असे आणि सरकारी यादीतही. पण आज्ञेवर सही करायची तर ते दोन मूळ अवयव माहीत असावे लागत, आणि ते फक्त दवाखान्याच्या तिजोरीत होते. दोन मोठ्या संख्या गुणायला पळभर पुरतं. आलेला गुणाकार पुन्हा फोडायचा म्हटलं तर जगातले सगळे संगणक एकत्र बसवले तरी पृथ्वीचं आयुष्य अपुरं पडेल. नव्या पद्धतीची, आणखी भक्कम कुलपं बाजारात आली होती. पण त्यांच्या सह्या इतक्या लांबलचक की त्या तपासण्यातच चिंचोक्याची बॅटरी संपली असती.

सही बरोबर आणि दवाखाना नाही, याचे दोनच अर्थ होते. तिजोरी फुटली, किंवा संख्या फुटली.

तिजोरी शाबूत असल्याचं मिरजेहून वीस मिनिटांत कळलं.

कंपनीचे मालक रविकिरण उपाध्ये तोवर तिच्या खोलीत आले होते. त्यांना एकच जाणून घ्यायचं होतं, हे किती जणांचं आहे. पद्मजा म्हणाली, सध्या एकाचं. मग तिने सरकारी यादीतल्या एकसष्ट हजार संख्या खाली उतरवून घेतल्या आणि संगणकाला एक काम सांगितलं, जे सातवीतल्या मुलालाही सांगता आलं असतं. प्रत्येक जोडीचा मसावि काढ.

उपाध्ये इंजिनिअर होते, तरी त्यांनी भुवया वर केल्या. तेव्हा तिने कागदावर दोन संख्या लिहिल्या. ११८९ आणि १२४७. यांचे अवयव काय, हे पाहताक्षणी कुणाला सांगता येत नाही. पण मोठीतून धाकटी वजा करा, अठ्ठावन्न उरतात. अठ्ठावन्नने अकराशे एकोणनव्वदला भागा, बाकी एकोणतीस. एकोणतीसने अठ्ठावन्नला पूर्ण भाग जातो. संपलं. एकोणतीस हा दोघींचा सामाईक अवयव. आता पहिली म्हणजे एकोणतीस गुणिले एक्केचाळीस, दुसरी एकोणतीस गुणिले त्रेचाळीस. फोडायला अवघड असलेल्या दोन संख्यांत एक मूळ संख्या सामाईक निघाली, तर त्या एकमेकींना फोडतात. सहाशे सतरा अंकांनाही हाच नियम. भागाकार हजार-बाराशे करावे लागतात एवढंच.

"पण सामाईक निघणारच नाही ना," उपाध्ये म्हणाले. "इतक्या मूळ संख्या असताना?"

"निघायला नको," पद्मजा म्हणाली.

संगणकाने पाऊण तास घेतला. जवळजवळ सगळ्या जोड्यांचा मसावि एक आला, जसा यायला हवा. चौऱ्यांशी संख्या मात्र वेगळ्या पडल्या. त्यांतल्या कुठल्याही दोन घेतल्या तरी मसावि तोच, तीनशे नऊ अंकी. चौऱ्यांशी कुलपांत एक दात सारखा होता.

तिने त्या चिंचोक्यांच्या जन्मतारखा लावल्या. चारच तारखा होत्या. प्रत्येक तारखेला एकवीस चिंचोके. तिला दिनदर्शिका उघडायची गरज पडली नाही. त्या गेल्या चार वर्षांतल्या चार खंडेनवमी होत्या.

खालच्या दालनात मूळ संख्या काढणारी एकवीस यंत्रं ओळीने उभी असत. ती वर्षभर बंद होत नसत. वीज गेली तरी मागे बॅटऱ्या होत्या. कारण त्यांना यादृच्छिकपणा लागायचा, आणि तो त्यांच्याच आतल्या विजेच्या बारीक खरखरीतून हळूहळू साठायचा. फक्त खंडेनवमीला सुपरवायझर बाळासाहेब चौगुले मुख्य कळ ओढत, बॅटऱ्याही सोडवत. मग यंत्रं पुसायची, हळद-कुंकू, झेंडूच्या माळा, नारळ. मुहूर्तावर सगळी एकदम चालू करायची आणि प्रत्येक यंत्रातून शकुनाचं पहिलं कुलूप काढायचं. ते एकवीस चिंचोके शुभ मानले जात. कामगार ते आपल्या माणसांसाठी आधीपासून सांगून ठेवत.

नियम होता की बंद यंत्र चालू केल्यावर चाळीस मिनिटं थांबायचं, खरखर साठू द्यायची. चार वर्षांपूर्वी बाळासाहेबांनी हात जोडून विचारलं होतं, मॅडम, मुहूर्त अकरा मिनिटांचाच आहे, काही करता येतंय का बघा. पद्मजाने मोजून पाहिलं होतं. पुरेशी खरखर दोन सेकंदांत आत येते, असं मोजमाप निघालं. तिने कागदावर लिहिलं होतं, 'शुभारंभ तुकडीपुरती प्रतीक्षा माफ', आणि खाली सही केली होती. पहिली कळ त्या दिवशी तिच्याच हातून दाबली गेली होती आणि तिला ते आवडलं होतं.

मोजमाप तिने चालू, तापलेल्या यंत्रावर घेतलं होतं. थंड यंत्राचं तिने गृहीत धरलं. थंड यंत्रात पहिल्या दोन सेकंदांत काहीच आत आलं नव्हतं. एकवीसही यंत्रं कोरी उठली, सगळ्यांनी एकाच जागेवरून शोध सुरू केला आणि सगळ्यांना तीच पहिली मूळ संख्या सापडली. दुसरी शोधेपर्यंत खरखर आली होती, म्हणून दुसऱ्या निराळ्या. दर वर्षी तेच.

तिने हे सगळं उपाध्यांना सांगितलं. आवाज न चढवता, जसं घडलं त्या क्रमाने, सहीसकट. ते बराच वेळ यादी वाचत राहिले. यादीत चौथं नाव त्यांच्या आईचं होतं.

दुरुस्ती होती. रुग्णाला दवाखान्यात आणून, जुन्या कुलपाच्या सहीने नवी संख्या चिंचोक्यात बसवायची. दिवसाला नऊ-दहा जण, म्हणजे चौऱ्यांशींना नऊ दिवस. तेवढे दिवस हे गुपित राहायला हवं होतं, कारण यादी सगळ्या जगापुढे उघडी होती आणि मसावि कुणालाही काढता येत होता. उपाध्यांनी तिथल्या तिथे ठरवलं. सगळ्यांना कळवायचं, नेहमीची तपासणी आहे, सवडीने येऊन जा. बाकी एक अक्षर नाही.

"आणि ज्याने आज सकाळी आज्ञा पाठवली तो?" पद्मजाने विचारलं.

"तो तुमच्या वडिलांच्या मागे आहे. त्यांना आधी घेऊन या."

ती जयसिंगपूरला पोचली तेव्हा दीड वाजला होता. अप्पा व्हरांड्यात टेबलाशी बसले होते. समोर दोनशे पानी वही, तासलेली पेन्सिल आणि शेजारी त्यांचा मित्र नेमगोंडा पाटील याच्या चिंचोक्याचं कार्ड. दोघांना एकाच आठवड्यात यंत्रं बसली होती. पद्मजानेच त्या दोघांसाठी खंडेनवमीच्या तुकडीतली राखून ठेवली होती.

ते कार्ड पाहिलं आणि ती पायरीवरच थांबली.

"अप्पा, आज सकाळी सहाच्या सुमारास तुम्हाला काही झालं होतं?"

"झालं नाही. मी केलं," अप्पा म्हणाले. "मला वाटलं होतं, तू नऊ वाजता फोनवरच विचारशील."

मग त्यांनी वही तिच्याकडे फिरवली आणि सांगू लागले, फळ्यापुढे उभं राहून सांगत तसं. लग्नाआधी पत्रिका जुळवतात, तसं त्यांना नेमूचे आणि आपले गुण जुळवायचे होते. वर्ग सुटून एकवीस वर्षं झाली, वेळ जात नाही. कार्डावरच्या दोन संख्या घेतल्या आणि घरच्या संगणकाला मसावि काढायला लावला. एक येणार हे ठाऊक होतं. आला तीनशे नऊ अंकी. आपलंच चुकलं असेल म्हणून तीनदा केलं.

"आणि मग?"

"मग काय. उत्तर आलं की ताळा करायचा असतो."

पद्मजा खुर्चीत बसली. उशाच्या डब्यावर दुरुस्तीसाठी ठेवलेल्या जोडणीतून आज्ञा आत कशी जाते याची पुस्तिका कंपनीच्याच संकेतस्थळावर होती. तिच्या तपासणीवर सहीही तिचीच होती.

"तुम्ही स्वतःच्या हृदयावर ताळा केलात."

"एकच वाढवला. दुसऱ्याच्या हृदयावर केला असता तर तो गुन्हा झाला असता."

"आणि एक अंक चुकला असता तर?"

"चुकला नाही," अप्पा म्हणाले. त्यांच्या चेहऱ्यावर एक दबलेला आनंद होता. तिने तो पूर्वी कधी पाहिला नव्हता, आणि आता तिला तोच पुसायचा होता.

त्यांनी पुढचं सांगितल्यावर ते काम आणखी कठीण झालं. काल त्यांनी सगळी रीत पत्रात लिहून गणित शिक्षकांच्या मासिकाला पाठवली होती. अंक उद्या सकाळी छपाईला जाणार होता. संपादकांनी पहिलं पान देऊ केलं होतं.

पद्मजाने सगळं सांगितलं. चौऱ्यांशी संख्या, चार खंडेनवमी, माफीचा कागद. अप्पांनी पेन्सिल खाली ठेवली.

"मोजलं नव्हतंस?"

"मोजलं होतं. चालू यंत्रावर."

"थंड यंत्रावर?"

"नाही."

"चुकीला मी अर्धे गुण द्यायचो," ते म्हणाले. "ही चूक नाही, पद्मा. ही हलगर्जी."

तिने मान हलवली. वर्गातल्या कुणालाही त्यांनी हा शब्द वापरला की त्या मुलाला शून्य मिळे. तिला तो आजवर एकदाही मिळाला नव्हता.

पत्र मागे घ्या, असं ती म्हणाली. नऊ दिवसांनी छापा. अप्पा उठून व्हरांड्याच्या टोकाला गेले, परत आले. एकतीस वर्षं दुसऱ्यांची प्रमेयं शिकवली, हे एवढं एक माझं होतं, असं ते तिच्याकडे न बघता म्हणाले. नऊ दिवसांत दुसऱ्या कुणाला सापडलं तर माझं राहणार नाही, हेही म्हणाले. त्यांचं म्हणणं खरंच होतं. उत्तर एकदा अस्तित्वात असलं की ते कुणाच्या मालकीचं राहत नाही.

"त्या बाकीच्या त्र्याऐंशी जणांना काय सांगणार आहात?" त्यांनी विचारलं.

तिने उपाध्यांचं ठरलेलं सांगितलं.

"नेहमीची तपासणी," अप्पांनी ते शब्द पुन्हा उच्चारले. "नेमू सोमवारी शिखरजीच्या यात्रेला निघालाय. वीस दिवस. दोन वर्षं तयारी चाललीय त्याची. नेहमीच्या तपासणीसाठी तो थांबेल?"

पद्मजाने नेमगोंडाचं कार्ड हातात घेतलं.

"तू त्यांना खरं कळव. मी माझं पत्र परत मागतो."

तिने मनात दोन्ही बाजू मांडून पाहिल्या. खरं सांगितलं तर त्र्याऐंशी घरं, प्रत्येक घरात चार-पाच माणसं. कुणीतरी कुणाजवळ तरी बोलणारच. न सांगावं तर लोक सवडीने येणार, आणि प्रत्येक सवडीचा दिवस उघड्या कुलपाचा. यात बरोबर उत्तर नव्हतं. कमी वाईट कुठलं, हे मोजायला हाताशी आकडेही नव्हते. पण ज्याच्या छातीत कुलूप आहे त्याला ते उघडं असल्याचं ठाऊक असावं, एवढं तिला आकड्यांशिवाय कळत होतं.

"कळवते," ती म्हणाली.

अप्पांनी तिच्यासमोरच संपादकांना फोन लावला. पत्र छापू नका, म्हणाले, त्यात दोष राहिलाय. पलीकडून काहीतरी विचारलं गेलं. अप्पांनी तिच्याकडे पाहिलं.

"नाही, गणिताची चूक नाही," ते फोनमध्ये म्हणाले. "माझी हलगर्जी."

दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी सकाळी, मिरजेच्या दवाखान्यात एक वेगळीच अडचण पुढे आली. नवं कुलूप घेताना चिंचोका अकरा सेकंद बंद राहतो. बहुतेक रुग्णांचं हृदय तेवढा वेळ स्वतः धडधडतं, त्यांना कळतही नाही. अप्पांचं हृदय स्वतःहून ठोका देतच नव्हतं. डॉक्टर शबाना मुजावर यांनी छातीवर बाहेरून पट्ट्या लावून विजेचे ठोके द्यायचं ठरवलं. दुखेल, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. यंत्रावर असं अवलंबून असलेल्या रुग्णावर हे अजून कुणी केलेलं नाही, हेही सांगितलं. आधी सोपे रुग्ण घेऊ, मगदूम सरांना शेवटी ठेवू, असं त्यांना वाटत होतं.

"पहिलं उदाहरण गुरुजींनी फळ्यावर सोडवायचं असतं," अप्पा पलंगावरून म्हणाले. "तेही अवघडातलं. मग वर्ग घाबरत नाही."

"सर, हा फळा नाही," डॉक्टर म्हणाल्या.

"मग पद्माला दाबू दे ती कळ."

पद्मजाने आज्ञा दिली. पडद्यावरची रेघ सपाट झाली. डॉक्टरांनी पट्ट्यांचा ठोका दिला. अप्पांची छाती हलली, रेघ मात्र हलली नाही. बाहेरची वीज हृदयापर्यंत पोचत नव्हती. दोन सेकंद, तीन. डॉक्टरांनी जोर वाढवला. अप्पांचे डोळे छताकडे लागलेले होते आणि ओठ निळसर दिसायला लागले होते. चार. डॉक्टरांनी पुन्हा जोर वाढवला. अप्पांचं अंग पलंगावरून उचललं गेलं आणि रेघेवर एक डोंगर उमटला. मग दुसरा. पद्मजा सेकंद मोजत होती. अकराव्याला चिंचोका जागा झाला आणि रेघ सरळ, सारख्या अंतराच्या डोंगरांनी भरत गेली.

अप्पांना बोलता यायला पाच मिनिटं लागली. "अकरा," ते म्हणाले. "मूळ संख्या आहे. कुणाला वाटून देता येत नाही."

त्याच दुपारी तिने उपाध्यांची परवानगी न घेता दालनातल्या सगळ्यांना एकत्र बोलावलं. त्या शकुनाच्या यंत्रांपैकी जवळजवळ सगळी याच माणसांच्या घरी गेली होती. कुणाची आई, कुणाचा मेहुणा, बाळासाहेब चौगुल्यांची बायको. पत्रं तिने रात्रीपासून तयार ठेवली होती. काय झालं, कुणामुळे झालं, किती दिवस धोका आहे आणि तोंड बंद का ठेवायचं, हे साध्या मराठीत एका पानात. पत्रं टपालाने जाणार नव्हती. ज्याने ज्याच्यासाठी चिंचोका सांगून ठेवला, त्यानेच ते हातात द्यायचं आणि सोबत घेऊन दवाखान्यात यायचं.

बाळासाहेबांनी दोनदा पत्र वाचलं. "म्हणजे मॅडम, पूजेमुळं झालं का हे?"

"नाही. पूजेनंतर चाळीस मिनिटं थांबायला हवं होतं. थांबू नका, असं मी लिहून दिलं."

"मागितलं मीच होतं," बाळासाहेब म्हणाले आणि पाकीट खिशात घालून सरळ बाहेर पडले.

उपाध्ये दारात उभे होते. सगळे निघून गेल्यावर त्यांनी टेबलावरून आपल्या आईच्या नावाचं पाकीट उचललं. पद्मजाने त्यांचा शब्द मोडला होता आणि ते दोघांनाही ठाऊक होतं.

"हे काम संपल्यावर तुम्ही या दालनात नसाल," ते म्हणाले.

"चौऱ्यांशी होईपर्यंत राहू द्या."

"तोवर राहा," ते म्हणाले, आणि आईला आणायला गेले.

नेमगोंडा पाटील शनिवारी आला. पत्र अप्पांनी स्वतः नेऊन दिलं होतं. त्याने डॉक्टरांना तिळगूळ दिला, पद्मजाला दिला, आणि सगळा वेळ अप्पांना बोल लावत राहिला. डॉक्टर म्हणाल्या होत्या की नवं कुलूप बसल्यावर दहा दिवस प्रवास नको. "मास्तर, तुमच्या वर्गात कधी बसलो नाही, तवा नापास व्हायचा सुटलो वाटलं," तो म्हणाला. "आता म्हातारपणी उट्टं काढलं बघा. गाडी सोमवारी जाणार, माझ्याबिगर."

अप्पा म्हणाले, शिखरजी कुठे जात नाही. नेमगोंडा म्हणाला, मी जाणाराय, म्हणून तर घाई.

पद्मजा रोज सकाळी नऊ वाजता आवक-जावक लावत होती. दर दिवशी चौऱ्यांशींतले ठरल्यापेक्षा जास्त, दहा-बारा गळत होते. शनिवार, रविवार, सोमवार. आकडे जुळत होते. तिला झोप कमी आणि भूक अजिबात नव्हती. नवरा तिला ताटावर बसवून समोर बसायचा. विचारायचा मात्र काही नाही.

गुरुवारी, सातव्या दिवशी, आवकेत एक ओळ तांबडी होती.

तिने ती उघडली. आज्ञा पहाटे चार वाजून चाळीस मिनिटांनी आलेली. दवाखान्याची जागा रिकामी. 'किमान वेग साठवरून शून्य.' सही जुन्या कुलपाची, अगदी अचूक. पुढे चिंचोक्याचं उत्तर होतं. 'कुलूप जुळत नाही. आज्ञा नाकारली.'

रुग्ण नेमगोंडा बाबगोंडा पाटील, वय अठ्ठ्याहत्तर.

तिने वेळ पुन्हा वाचली. आज गुरुवार. सोमवारी सुटलेली ती यात्रेची गाडी आता शिखरजीच्या पायथ्याशी पोचलेली होती. पहाटे चारला माणसं डोंगर चढायला लागतात. यात्रेला नेता यावा म्हणून नेमगोंडाने आपला डबाही पिशवीत भरून ठेवला होता. ते अप्पांनी हसत सांगितलं होतं.

ज्यांची कुलपं अजून बदलायची होती अशी सतरा माणसं उरली होती. तिने उपाध्यांना फोन केला, डॉक्टर मुजावरांना केला आणि पोलिसांच्या संगणक शाखेला कळवलं. उपाध्यांनी वाद घातला नाही, गाड्या काढल्या. संध्याकाळी साडेसातला शेवटची रुग्ण, इस्लामपूरची एक शिवणकाम करणारी बाई, नवं कार्ड हातात घेऊन दवाखान्याबाहेर पडली. आज्ञा कुणी पाठवली, ते पुढेही कळलं नाही. त्र्याऐंशी पत्रांतल्या एखाद्या घरातून ती गोष्ट बाहेर गेली होती, की दूर कुठेतरी कुणीतरी तीच सरकारी यादी घेऊन तेच सातवीतलं गणित केलं होतं, हेही नाही. पद्मजाला पहिली शक्यता नाकारता आली नाही, आणि ती तिने अहवालात लिहिली.

त्या अहवालात शेवटी दोन रकाने होते. 'दोष कोणाच्या लक्षात आला.' तिने लिहिलं, भूपाल आदगोंडा मगदूम. 'दोष कोणाचा.' तिने लिहिलं, पद्मजा भूपाल मगदूम-शेटे. एरवी ती मधलं नाव लिहीत नसे. मग टेबलाच्या खणातली आपली पेनं आणि जेवणाचा डबा पिशवीत घातला आणि ती जयसिंगपूरला गेली.

व्हरांड्यात दोघे म्हातारे बसले होते. तिने तांबड्या ओळीचं सांगितलं. नेमगोंडाला शून्य या आकड्याचा अर्थ समजायला थोडा वेळ लागला. समजल्यावर त्याने हातातली बशी खाली ठेवली आणि छातीवर पंजा ठेवला.

अप्पांनी आज्ञेची वेळ विचारली आणि वहीत टिपून घेतली. "म्हणजे उत्तर माझ्या एकट्याचं नव्हतंच," ते म्हणाले. "दुसऱ्या कुणाला तरी आलेलं होतं. आपण फक्त वही वेळेत जमा केली."

"मासिकाला आता पाठवायला हरकत नाही," पद्मजा म्हणाली.

"पाठवीन. आधी हे बघ." त्यांनी पान उलटून वही तिच्यापुढे केली. त्यांचं नवं कार्ड आणि नेमगोंडाचं नवं कार्ड शेजारी ठेवून त्यांनी सकाळी पुन्हा मसावि काढला होता. तीनदा. पानाच्या तळाशी ठळक अक्षरांत उत्तर होतं, आणि त्याखाली त्यांच्या सवयीप्रमाणे दोन रेघा ओढलेल्या होत्या.

एक.

"याचा ताळा केलात का?" तिने विचारलं.

"तो तू कर," अप्पा म्हणाले आणि पेन्सिल तिच्या हातात दिली.